सारखी चूक

"ओळखलंत का, बाई?" फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाने विचारलं आणि सत्यभामाबाई म्हणाल्या, "हो तर. ओळखलं ना." म्हणताक्षणीच त्यांच्या लक्षात आलं की आपण ओळखलेलं नाही. पण शब्द गेला होता, आणि तो माणूस कडी काढून आत येऊन वाकलाही होता. पायांना त्याची बोटं लागली. थंड, कोरडी बोटं. बाईंनी सवयीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शिक्षिकेला 'नाही' म्हणता येत नाही. दवाखान्यात, भाजीच्या गाडीपाशी, कुणाच्या तरी लग्नात कोणीतरी असंच वाकतं आणि हाच प्रश्न विचारतं. समोर मिशा असतात, सुटलेलं पोट असतं, टक्कल असतं, आणि त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी सात वर्षांचं एक पोर बाईंच्या तोंडाकडे बघत उभं असतं. नाही म्हटलं की ते पोर तिथल्या तिथे पुसलं जातं. म्हणून आधी हो म्हणायचं आणि मग बोलता बोलता शोधायचं, कोण असेल, कुठल्या बाकावर बसत असेल, नाक कोणासारखं आहे. पूर्वी सापडायचं. हल्ली पुष्कळदा सापडत नसे. आणि त्या न सापडण्याला आता एक नाव मिळालं होतं. वाशीच्या डॉक्टरांनी ते इंग्रजीत सांगितलं होतं आणि मग मराठीत म्हणाले होते, "सुरुवात आहे."

"मी अरविंद, बाई. डबा न आणणारा," तो माणूस म्हणाला, आणि बाईंच्या छातीत काहीतरी सुटलं. डबा न आणणारं एक पोर होतं. खरंच होतं. कितीतरी दिवस त्या त्याचं नाव शोधत होत्या, कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधावा तशा. मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडायचे आणि ते पोर नळापाशी जाऊन पोटभर पाणी पिऊन यायचं, ओठ पुसत, जेवून आल्यासारखं. "तुम्ही मला तुमच्यातली अर्धी भाकरी द्यायच्या," अरविंद सांगत होता. "शाळेमागं करंजाचं झाड होतं, त्याच्या पारावर बसवून. वर लसणाची चटणी. आणि म्हणायच्या, मला एकटीला संपत नाही रे." त्याचा आवाज भरून आला. बाईंची मुलगी राजेश्वरी दारात उभी होती, तिनेही डोळे टिपले. करंज, पार, भाकरी, चटणी, अगदी बाईंनी म्हटलेलं वाक्यसुद्धा. बाईंना वाटलं, कोणीतरी आपला हरवलेला पाटा आणून जागेवर ठेवला. इतक्या आनंदात एक बारीक खडा होता, पण तो दाताखाली यायला अजून वेळ होता. तेवढ्यात अरविंद पाणी प्यायला उठला आणि न विचारता स्वयंपाकघरात गेला. माठ दाराच्या मागे ठेवलेला असतो, नवख्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसला. आणि मग बाईंना आठवलं, फाटकाची कडीही त्याने चटकन काढली होती. ती कडी मानसिंगने, बाईंच्या नवऱ्याने, उलटी बसवली होती. तो गेल्याला किती वर्षं झाली, पण पोस्टमनपासून जावयापर्यंत सगळे तिच्याशी झटापट करून शेवटी हाक मारायचे.

कोपरखैरण्यातल्या या बैठ्या घरात आता दोघीच होत्या. मानसिंगने वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहून हे घर उभं केलं, बाईंनी शाळेच्या पगारात त्यावर पत्रा आणि नंतर स्लॅब घातला. राजी लग्न मोडून परत आली ती पुढच्या खोलीत टेबल मांडून कंपनीचं काम करू लागली; आठवड्यातून एखाद्या दिवशी महापेच्या ऑफिसात जायची. तिला बोलायला कोणी नव्हतं. आणि एके दिवशी बाईंनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. राजी हसली, मग रडली, आणि रडता रडता तिने मोबाइल पुढे धरला. ते चित्रण तिने नेटवर टाकलं. ती पहिली फीत. 'बाई आणि मी' असं तिने त्या पानाला नाव दिलं. माणसं आली. एवढी माणसं बाईंच्या घरात बारशाला नाही, लग्नाला नाही, मानसिंगच्या मयतालाही आली नव्हती. 'माझ्या आईचंही असंच व्हायचं,' कुठल्याशा गावाहून कोणी लिहायचं, 'जपा त्यांना.' जपा. जशी काही लोणच्याची बरणी. राजी ते मोठ्याने वाचून दाखवायची आणि तिचा चेहरा किती तरी दिवसांनी उजळायचा, म्हणून बाई काही बोलल्या नाहीत. मग चपला फ्रीजमध्ये सापडल्या, ती फीत. फाटकाची कडी स्वतःच्याच घराची असून उघडेना, ती फीत. राजीने मग ती कशी उचलून डावीकडे सरकवायची ते सावकाश दाखवलं, आईला म्हणून, आणि तिच्या पाठीमागून सगळ्या जगाला. सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या. माठ कुठे, देवघर कुठे. राजी कोणत्या वारी घरी नसते आणि त्या दिवशी आई एकटी किती गोड राहते. बाईंना त्या फिती बघायचा कंटाळा नव्हता, भीती होती. काचेवर एक म्हातारी असायची. तिचं नाक, तिचं कुंकू, तिची बोटं बाईंचीच होती. तिच्यावर सगळे प्रेम करत होते. आणि इकडे खऱ्या बाईंच्या हातातून काडेपेटी काढून घेतली जात होती, रस्ता ओलांडताना दंड धरला जात होता, बोलताना वाक्य कोणीतरी दुसरंच पूर्ण करत होतं. कधी कधी बाईंना वाटायचं, आपली एखादी आठवण आता आठवणीसारखी येतच नाही. ती चौकटीत येते, खाली राजीने टाकलेली अक्षरं घेऊन येते.

अरविंद येत राहिला. नावड्याला त्याचं वर्कशॉप होतं म्हणे, त्यामुळे येता जाता. पपई आणायचा, सोललेला लसूण आणायचा. राजीला 'ताई' म्हणायचा. "ताई, टेन्शन नका घेऊ, मी आहे ना." गोळ्यांची वेळ झाली की बाईंच्या आधी त्याचा हात पेटीवर जायचा, बरोबर त्या दिवसाच्या खणावर. संध्याकाळी शिवतेज आणि रंजिता शिकायला यायची, चौथीतली दोघं, तो त्यांना दटावायचा, "ए, बाईंना त्रास नाय द्यायचा हां." एकदा बाईंना ऐकू येईल अशा हळू आवाजात तो राजीला म्हणाला, "ताई, पोरांचा हा गोंगाट त्यांना झेपत नाय. क्लास बंदच करा." बाई आतून म्हणाल्या, "मला झेपतो." दोघंही त्यांच्याकडे वळून हसली. तेच ते हसू, बरणीकडे बघून हसायचं. रंजिताची आजी सरस्वती जुन्या गावातली, आगरी, नातीला सोडायला यायची आणि फाटकाला टेकून उभी राहायची. एका संध्याकाळी तिने विचारलं, "काय गो मास्तरीनबाय, बरी हाय ना? चपला फ्रीजमदी ठेवल्यास म्हने."

"एकदाच ठेवल्या."

"माजी सासू तर घरचा रस्ता इसरायची. मिठागरावरनं कोन ना कोन तिला आनून सोडायचा." सरस्वतीने अंगणात अरविंदची चप्पल बघितली, मग आत बघितलं. "पन ते गावाला म्हाइत होतं गो. आख्ख्या दुनियेला नाय." तिने पान तोंडात टाकलं. "आनि हा कोन?"

"माझा विद्यार्थी," बाई म्हणाल्या. म्हणताना जीभ किंचित अडखळली. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांचे सगळे हात आठवून बघितले होते. पहिलीच्या पोराला अक्षर शिकवताना बाई त्याचा हात आपल्या हातात धरून पाटीवर फिरवायच्या, आणि चेहरे गेले, नावं गेली, तरी त्यांच्या तळव्याला काही हात अजून आठवत होते. घामट हात, चामखीळ असलेला, अंगठा चोखून मऊ झालेला, डावखुरा हात, जो उजवीकडे ओढला की सशासारखा थरथरायचा आणि मग त्यांनी ओढायचाच सोडून दिला. अरविंदचा हात त्यांच्या तळव्याला काहीच सांगत नव्हता. पण ही काय सांगण्यासारखी गोष्ट होती? राजीला सांगितलं तर ती मोबाइल काढेल आणि विचारेल, आई, हातांचं परत एकदा सांग ना.

राजीला कंपनीने हैदराबादला बोलावलं, तीन-चार दिवसांसाठी. तिने नाही म्हणायचं ठरवलं होतं. अरविंदनेच तिला तयार केलं. "मी राहीन ना इथं, ताई. अर्ध्या भाकरीचं ऋण आहे माझ्यावर." ठरलं. रविवारी संध्याकाळी तो येणार, राजी त्याला घराची किल्ली देणार आणि विमानतळाला जाणार. बाईंना कोणी विचारलं नाही. बाईंना सांगितलं गेलं, मुलांना सहलीचं सांगतात तसं, आनंदी आवाजात. रविवारच्या आधल्या संध्याकाळी पुढच्या खोलीत शिवतेज आणि रंजिता गुणाकार करत बसली होती. शेचाळीस गुणिले सात. बाईंनी दोन्ही वह्या समोर घेतल्या. रंजिताचं उत्तर तीनशे ब्याऐंशी. शिवतेजचंही तीनशे ब्याऐंशी. रंजिताचं त्यांना ठाऊक होतं. ती साताचा पाढा म्हणताना दरवेळी सात चोक चौतीस म्हणायची, आणि हातचे चार मिळवले की बरोबर अडतीस व्हायचे. पण शिवतेजला पाढे झोपेतही येत. "शिवतेज, सात चोक?" "अठ्ठावीस, बाई." "मग हे अडतीस कुठून आले?" शिवतेजने मान खाली घातली. रंजिता म्हणाली, "बघून लिवलं त्याने, बाई. मी बोलले होते नको बघू." बाई हसल्या. सगळ्या वर्गांत हे असंच सापडतं. दोन पोरांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर त्यात नवल नसतं, बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच असतं. चूक मात्र ज्याची त्याची असते. सारखी चूक निघाली की समजायचं, एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलंय. हे त्या शिवतेजला समजावून सांगत होत्या, न रागावता, पेन्सिलीने अडतीसवर हलका गोल काढत, आणि गोल पूर्ण होण्याआधीच त्यांचा हात थांबला.

करंज. शाळेमागं करंज नव्हता. कुठून असणार? तेव्हा हे सगळं कोपरखैरणं नवीन होतं, खाडीवर टाकलेला भराव, पायाखाली खारी माती. झाडं लावली जायची आणि उन्हाळ्याआधी टोकापासून जळत यायची. शाळेमागं होती ती लोखंडी सळ्यांची रास आणि तिच्यापलीकडे डबकं. डबा न आणणाऱ्या पोराला घेऊन त्या बसायच्या ते जिन्यावर, मधल्या वळणावर, जिथे हेडमास्तरांना दिसत नाही तिथे. सिमेंट उन्हाने तापलेलं असायचं, पोर आधी वही खाली घालून मग बसायचं. करंजाचा पार होता तो साताऱ्याकडचा, बाईंच्या माहेरच्या शाळेचा. त्याच्यावर बसून त्यांनी स्वतः भाकरी खाल्ली होती, फ्रॉक घालायच्या वयात. राजीने फीत काढली त्या दिवशी दोन्ही शाळा त्यांच्या डोक्यात एकमेकींत शिरल्या होत्या आणि करंज इथे येऊन उभा राहिला होता. चूक त्यांची होती. त्यांच्या आजाराची होती म्हणा हवं तर. ती चूक त्यांच्याशिवाय आणखी कोणाला होणं शक्य नव्हतं. आणि अरविंद त्याच करंजाखाली बसून रडला होता. बाईंच्या अंगावर काटा आला, आणि मागोमाग, त्यांना स्वतःलाच नवल वाटेल असं, एक जुनं बळ आलं. परीक्षेच्या हॉलमध्ये बाकांमधून सावकाश चालत जाताना यायचं ते. त्या पोराचं खरं नाव अजूनही आठवत नव्हतं. न आठवू दे, त्या मनात म्हणाल्या. नाही आठवलं तरी तो हा नाही.

"आई, झाड होतं," राजी म्हणाली. ती बॅग भरत होती. "तूच सांगितलंस. फीत आहे माझ्याकडे."

"तेव्हा चुकले मी."

"मग आत्ता चुकत नाहीस कशावरून?"

हा प्रश्न निर्दयीपणाने विचारलेला नव्हता. राजी थकली होती, तिच्या हातात घडी घातलेला कुर्ता होता आणि तिच्या आवाजात ती समजूत होती, जी फितींमध्ये सगळ्यांना आवडायची. कुठल्याही माणसाने सांगितलं की आग लागली, तर लोक आधी धूर बघतात; बाईंनी सांगितलं तर लोक बाईंकडे बघत राहणार होते. "ते सगळं काढून टाक, राजी," त्या म्हणाल्या. "माझं विसरणं माझं आहे. ते वाटत फिरायची वस्तू नाही."

"ती माणसं माझी आहेत, आई." राजीचा आवाज फुटला. "तुला सांगू? दिवसभरात मला माणूस म्हणून कोणी विचारत असेल तर तेच. तू चिडलीस ना की तो डॉक्टर म्हणाला होता तसं होतं. संशय येतो. हेसुद्धा सुरुवातीलाच येतं." आणि मग, अगदी सवयीने, डोळे पुसत तिने मोबाइल उचलला. "थांब. बोल. शाळेचं बोल जरा, तुला बरं वाटेल."

काळं भिंग बाईंच्या समोर आलं. आजवर त्या त्याच्याकडे बघायच्या नाहीत, राजीकडे बघायच्या. आज त्यांनी भिंगात बघितलं. त्यात आरपार कुठेतरी तो बसला असणार, मान खाली घालून, बघून लिहीत. ठीक आहे, लिही. त्या सावकाश बोलू लागल्या, शुद्धलेखन घालताना बोलतात तशा, वाक्याच्या शेवटी थांबत. "माझ्या दुसरीच्या वर्गात पहिल्या बाकावर माझी राजी बसायची. दोन वेण्या, लाल रिबिनी. सकाळी आले की सगळ्यात आधी तिची पाटी बघायची मी. बाकीची मुलं जळायची तिच्यावर." हे बोलताना त्यांनी राजीकडे बघितलं नाही; बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. राजी चौथीपर्यंत गावाला होती, मानसिंगच्या बहिणीकडे. तेव्हा इथे एका खोलीत चार बिऱ्हाडं राहायची, मार्केटातल्या साऱ्यांचीच पोरं गावाला असायची. राजी कधी आईच्या वर्गात बसली नव्हती. आणि एवढं सोडून तिने आयुष्यात आईकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. बाईंना वाटलं, आता ती म्हणेल, आई, मी नव्हते. तिने दुरुस्त केलं नाही. तिने फीत टाकली, खाली एक लाल बदाम, आणि लिहिलं, 'होते ना मी, आई.' ते वाचून बाई न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. पोरीच्या सगळ्यात दुखऱ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी सापळा लावला होता. पण हात मागे घ्यावा असं त्यांना वाटलं नाही. घराची किल्ली त्या माणसाच्या खिशात जाणार होती, औषधाच्या पेटीवर त्याचा हात असणार होता, आणि या घराची सगळी दारं पोरीनेच उघडी टाकली होती. कुठल्या तरी एका दारातून त्यालाही आत घेऊन पकडायला हवं होतं.

रविवारी तो ऊन कलल्यावर आला. राजीची बॅग दारात उभी होती. तिने बाईंची पथ्यं, फोन नंबर, गॅसचा नॉब सगळं त्याला सांगितलं आणि पर्समधून किल्ली काढली. पुढच्या खोलीत रंजिता आणि शिवतेज मोठ्याने पाढे म्हणत होती. बाई खुर्चीत बसून होत्या, हात मांडीवर. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. परीक्षेत बोलायचं नसतं, बाकांमधून नुसतं चालायचं असतं. त्यांना एकच भीती होती, की याने ती फीत बघितली नसेल. मग उद्यापासून आपण आणि हा. तो राजीकडे बघून मान तिरकी करून हसला. "ताई, एक बोलू? तुम्हाला बघितलं की मला त्या लाल रिबिनीच आठवतात. पहिला बाक. बाई आल्या की आधी तुमची पाटी बघायच्या. आम्ही जाम जळायचो तुमच्यावर."

किल्ली राजीच्या हातातच राहिली. "कुठल्या इयत्तेत?" तिने विचारलं. बाईंना तिचा आवाज ओळखू आला नाही.

"दुसरीत ना."

"दुसरीत मी गावाला होते. चौथीपर्यंत."

खोलीतले पाढे थांबले. अरविंदने एकदा बाईंकडे बघितलं, एकदा दाराकडे. "मग काय की. लहानपणीच्या गोष्टी, ताई... दुसरी कोणी असेल."

"दोन वेण्यांची, माझ्या नावाची?"

"अहो, बाईंनीच सांगितलं असेल मला कधीतरी. त्यांचं कसं झालंय, तुम्हाला तर माहितीय. आपण समजून घ्यायचं."

"मी तुला सांगितलेलं नाही," बाई उठत म्हणाल्या. "मी भिंगाला सांगितलं होतं. आणि शाळेमागं करंजही नव्हता." गुडघा दुखला, त्यांनी खुर्चीचा हात सोडून दिला. "कितवीत होतास तू माझ्याकडे? तुझ्या वर्गाला खिडक्या कुठल्या बाजूला होत्या? घंटा कोण वाजवायचं? सांग, घाई नाही. फितीत नाही असं काहीही एक सांग."

तो बाहेर पडला. कडी मात्र त्याने आताही झटकन काढली. पण गल्लीत आल्यावर तो पळाला नाही. संध्याकाळची माणसं ओट्यांवर बसलेली होती, सरस्वती नातीला न्यायला येत होती, समोरच्या घरचा मिथुन बाइक पुसत होता. अरविंद त्या सगळ्यांच्या मध्ये थांबला आणि हात जोडून, दुःखाने म्हणाला, "बाईंची तब्येत जास्त झालीय हो. माणसं ओळखत नाहीत आता. लक्ष ठेवा." आणि गल्लीने बाईंकडे बघितलं. बाई पायरीवर उभ्या होत्या, पदर सुटलेला, पायात चप्पल नाही. त्यांना प्रत्येक चेहऱ्यावर तो मऊ भाव चढताना दिसला, साय धरते तसा. सगळ्यांनी मीठ घातलेला चहा बघितला होता. सगळ्यांनी फ्रीजमधल्या चपला बघितल्या होत्या. एका क्षणी त्यांना वाटलं, आत जावं, दार लावावं, खाली घातलेल्या मानेने उरलेलं आयुष्य काढावं. लोकांना जी म्हातारी ठाऊक आहे ती तसंच करेल. त्यांनी पदर खोचला.

"हो, विसरते मी!" त्यांचा आवाज शाळेच्या मैदानावरचा होता, त्याला माइक कधी लागला नव्हता. "चहात मीठ घालते. चपला फ्रीजमध्ये ठेवते. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. यानेही तिथंच बघितलंय, आणि बघून बघून पाठ केलंय. हा माझा विद्यार्थी नाही. माझा असता तर नक्कल करताना निदान चुका तरी स्वतःच्या घातल्या असत्या!"

कोणीतरी हसलं. ते बरणीला हसणं नव्हतं. "आई, आत ये," राजी मागून कुजबुजली, "लोक बघतायत."

"बघू देत. आज मी दाखवतेय."

अरविंद राजीला म्हणाला, "ताई, तुम्ही तरी सांगा ह्यांना." सगळी गल्ली आता राजीकडे वळली. बाईंनी मागे वळून बघितलं नाही. पाठीला कळतं म्हणतात, त्यांच्या पाठीला त्या क्षणी काहीच कळत नव्हतं. ही पोरगी त्या शिकलेल्या समजुतीने हसेल, दंड धरेल, आत नेईल; किंवा. मग राजीचा आवाज आला, बारीक, पण सरळ. "आई बरोबर सांगतेय. मी त्या वर्गात नव्हते." मग म्हणाली, "मी नव्हतेच कधी."

"तरीच!" सरस्वती पुढे झाली. "मी तवाच बोलले ना, हा कोन? ए, थांब रे जरा, तुजा गाव कुठचा ते सांग मला. नावड्यात माजी लेक दिलेली हाय. कोनाचा तू?" तो चालू लागला, मग भराभर चालू लागला, आणि वळणावर गेल्यावर त्याचं चालणं राहिलं नाही. गल्लीतली दोन-तीन पोरं त्याच्या मागे धावली. पोलिसांना फोन करा, कोणीतरी ओरडलं; कोणीतरी करतही होतं.

राजी बाईंच्या शेजारी पायरीवर आली होती. तिने दंड धरला नाही, नुसती खांद्याला खांदा लावून उभी राहिली, तिची मूठ अजून किल्लीवर घट्ट होती. तेवढ्यात मिथुन बाइक पुसणं सोडून समोर आला. त्याच्या हातात मोबाइल उभा धरलेला होता.

"आजी, एकच नंबर! परत एकदा बोला ना. सुरुवातीचं आलंच नाय."

राजी पायरी उतरली आणि तिने त्या भिंगावर आपला तळवा ठेवला.

"ताई, काय करता? लाखो लोक बघतील. बाकीच्या म्हाताऱ्या पण सावध होतील ना."

तिने हात काढला नाही. मिथुनने तिच्या खांद्यावरून बाईंकडे आशेने बघितलं. बाईंनी श्वास घेतला.

"परत नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांनी ऐकलं, त्यांनी ऐकलं."